मोरपंखी जातो कुठे?

मोरपंखी पैठणी नेसलेल्या नवरीचा फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर झळाळून उठतो. लॅपटॉपवर तोच रंग जरा निळसर होतो आणि अल्बमच्या पानावर उतरेपर्यंत त्याचा सपाट, हिरवट-निळा पट्टा झालेला असतो. पदराच्या चुण्याही दिसत नाहीत. मग दोष कधी कॅमेऱ्याला मिळतो, कधी लॅबवाल्याला. पण अनेकदा खरं कारण त्या फाइलसोबत असलेल्या, किंवा नसलेल्या, छोट्याशा नोंदीत असतं आणि ती नोंद कुणी उघडून पाहिलेलीच नसते.

डिजिटल फोटोत मुळात रंग नसतात, आकडे असतात. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, नेहमीच्या जेपेगमध्ये प्रत्येकी ० ते २५५. यातून १ कोटी ६७ लाखांहून जास्त त्रिकुटं तयार होतात. मात्र ‘हिरवा २५५’ म्हणजे नेमका कोणता हिरवा, हे त्या आकड्यावरून कळत नाही. सोनाराच्या चिठ्ठीवर नुसतं ‘१०’ लिहिलेलं असावं आणि ते ग्रॅम की तोळे हे कुणी सांगू नये, तसंच हे. आकड्यामागचं हे एकक म्हणजेच कलर स्पेस.

हे एकक आलं कुठून, ते समजून घेण्यासाठी शंभरएक वर्षं मागे इंग्लंडमध्ये जावं लागतं. १९२०च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये डेव्हिड राइट आणि टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत जॉन गिल्ड यांनी स्वतंत्रपणे जवळपास सारखाच प्रयोग केला. निरीक्षकाला एका छोट्या वर्तुळाचे दोन अर्धे भाग दिसत. एका अर्ध्यात एकाच तरंगलांबीचा शुद्ध प्रकाश, दुसऱ्यात लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचं मिश्रण. मिश्रणाचं प्रमाण कमी-जास्त करत दोन्ही अर्धे हुबेहूब सारखे दिसेपर्यंत जुळवायचे. राइटकडे दहा निरीक्षक होते, गिल्डकडे सात. या सतरा जणांच्या डोळ्यांवरून १९३१ साली केंब्रिजमध्ये आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने मानवी रंगदृष्टीचं पहिलं प्रमाण कोष्टक ठरवलं. आज आपल्या खिशातल्या फोनचा पडदाही त्याच कोष्टकाच्या आधारे मोजला जातो.

या प्रयोगात एक अडचण आली आणि आपल्या पैठणीचं सगळं दुखणं तिच्यातच आहे. काही शुद्ध रंग तीन दिव्यांचं कसंही मिश्रण केलं तरी जुळेनात. त्यांच्यासाठी लाल दिवा मिश्रणाच्या बाजूने काढून उलट समोरच्या शुद्ध रंगात मिसळावा लागे. म्हणजे मिश्रणात लाल ‘उणे’ धरावा लागे. कोणतेही तीन खरे दिवे घेतले तरी डोळ्याला दिसणारे सगळे रंग त्यांच्यातून निघत नाहीत, हे यातून पक्कं झालं. आणि उणे लालची गरज सर्वात जास्त कुठे पडली? ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या, निळा आणि हिरवा यांच्या सीमेवरच्या प्रकाशाला. मोरपंखी त्याच वाटेवर आहे.

दिसणारे सगळे रंग कागदावर मांडले की घोड्याच्या नालेसारखी आकृती तयार होते. तीन दिव्यांचा पडदा त्या नालेच्या आत फक्त एक त्रिकोण व्यापतो. त्रिकोणाच्या आतला रंग दाखवता येतो, बाहेरचा नाही. कलर स्पेस निवडणं म्हणजे कोणता त्रिकोण घ्यायचा ते ठरवणं.

सर्वात चालता त्रिकोण एसआरजीबीचा. १९९६ साली ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी तो सुचवला आणि १९९९ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्या काळी घरोघरी काचेच्या नळीचे अवजड मॉनिटर होते. त्यांना जे रंग दाखवता येत, साधारण तेवढेच या त्रिकोणात बसवले. ढोबळमानाने दृश्य रंगांपैकी एक तृतीयांश. हे अपुरं वाटतं, पण त्यामागचा विचार शहाणपणाचा होता: जगातल्या साध्यातल्या साध्या पडद्यावरही चित्र सारखंच दिसावं. वेबवरच्या चित्राला कसलीच नोंद नसेल, तर ब्राउझर ते एसआरजीबीच समजतो.

दुसरा त्रिकोण अ‍ॅडोबी आरजीबीचा. त्याचा जन्म एका चुकीतून झाला. १९९८ मध्ये फोटोशॉपची पाचवी आवृत्ती येऊ घातली होती. फोटोशॉप घडवणाऱ्यांपैकी एक, थॉमस नोल यांनी दूरचित्रवाणीच्या एका जुन्या मानकाच्या कागदपत्रांवरून आकडे घेऊन नवी कलर स्पेस बांधली. आवृत्ती बाजारात आल्यावर जाणकारांनी दाखवून दिलं, की हे आकडे मूळ मानकाचे नाहीत, त्याच्या परिशिष्टातल्या आदर्श कल्पनेचे आहेत. शिवाय लाल टोकाचा आकडा उतरवतानाही कुणाचा तरी हात चुकला होता. पण दरम्यान वापरणाऱ्यांना हा रुंद त्रिकोण आवडून गेला होता. अ‍ॅडोबीने दुरुस्तीचे प्रयत्न करून पाहिले, जमले नाहीत, तेव्हा ‘चुकीचे’ आकडे तसेच ठेवून नाव बदललं.

या त्रिकोणाची लाल आणि निळी टोकं अगदी एसआरजीबीचीच आहेत. सरकलं आहे ते फक्त हिरवं टोक, म्हणून फायदा मुख्यतः हिरव्या आणि हिरव्या-निळ्या रंगांना मिळतो. छपाईची निळी शाई, म्हणजे सायन, चांगल्या आर्ट पेपरवर शंभर टक्के छापली तर तिचा रंग एसआरजीबीच्या बाहेर पडतो, अ‍ॅडोबी आरजीबीत मात्र जवळजवळ बसतो. मोरपंखीचंही तसंच. एसआरजीबीत हा गडद रंग कोंबताना लालचा आकडा शून्याला जाऊन टेकतो. चुणीच्या उजेडातही शून्य, सावलीतही शून्य, त्यामुळे दोहोंतला फरक पुसला जातो आणि पदर सपाट दिसतो. झेंडूच्या केशरी रंगाला मात्र अ‍ॅडोबी आरजीबीचा फारसा उपयोग नाही. त्याला पी-थ्री मानवते. हा त्रिकोण डिजिटल सिनेमातून आला, २०१५ मध्ये अ‍ॅपलच्या संगणकांवर आणि २०१६ मध्ये आयफोन ७ वर पोचला. त्याचं लाल टोकही बाहेर सरकलेलं आहे, म्हणून तोरणाचा केशरी नव्या फोनवर जास्त पेटलेला दिसतो.

मग मोठा त्रिकोण घेतला की झालं, असं वाटणं साहजिक आहे. घोळ इथेच होतो.

एक ठिपका घेऊन बघू. गव्हाळ गालाचा रंग एसआरजीबीत २००, १५०, १२० आहे. नेमका हाच रंग अ‍ॅडोबी आरजीबीत लिहायचा तर आकडे होतात १८६, १४९, १२१. आकडे वेगळे, रंग एकच. फाइलला ‘हे अ‍ॅडोबी आरजीबीचे आकडे आहेत’ ही नोंद, म्हणजे प्रोफाइल, जोडलेली असेल तोवर काही बिघडत नाही. पण वाटेत एखाद्या अ‍ॅपने फाइल हलकी करताना ती नोंद काढून टाकली, किंवा समोरच्या यंत्राने ती वाचलीच नाही, तर १८६, १४९, १२१ हे एसआरजीबीचे आकडे म्हणून दाखवले जातात. लाल चौदा अंकांनी घसरतो, बाकीचे दोन जवळजवळ जागच्या जागी राहतात आणि नवरीच्या गालावरची लाली जाऊन चेहरा आजारी दिसू लागतो. मोरपंखी वाचवायला गेलेल्या माणसाने चेहरा घालवलेला असतो. माझ्या मते हा सौदा कधीच परवडत नाही. साडीचा रंग किंचित कमी-जास्त झाला तर फक्त साडी ओळखणाऱ्याला कळतं. चेहरा बिघडला तर सगळ्यांना कळतं.

फोटोशॉपमध्ये प्रोफाइलसाठी दोन आज्ञा शेजारीशेजारी असतात आणि त्यांची गल्लत फार होते. ‘असाइन’ आकड्यांना हात लावत नाही, फक्त नोंद बदलते, म्हणून रंग बदलतो. ‘कन्व्हर्ट’ रंग शक्य तितका तसाच ठेवून आकडे बदलते. अ‍ॅडोबी आरजीबीतली फाइल लॅबसाठी एसआरजीबीत न्यायची असेल तर कन्व्हर्ट हवं. असाइनचा उपयोग फक्त एकाच प्रसंगी: नोंद हरवलेली फाइल हाती आली आणि तिची मूळ कलर स्पेस तुम्हाला खात्रीने माहीत आहे तेव्हा. याचा सुगावा कधी कधी फाइलच्या नावातच मिळतो. कॅमेरा अ‍ॅडोबी आरजीबीवर लावलेला असेल, तर बहुतेक कॅमेरे जेपेगचं नाव अंडरस्कोरने सुरू करतात.

रॉ फाइलची, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या माहितीची, गोष्ट निराळी. कॅमेऱ्याच्या मेन्यूतला पर्याय रॉ माहितीला लागूच होत नाही. तो फक्त सोबतच्या जेपेगला आणि पडद्यावरच्या झलकेला लागतो. रॉमध्ये काढणाऱ्याला हा निर्णय घरी बसून, शांतपणे आणि पुन्हा पुन्हा घेता येतो. ज्यांना रंगाची खरंच काळजी आहे त्यांनी रॉ वापरावी, ती यासाठीच. संगणकावर काम करताना मग कोडॅकने घडवलेल्या प्रोफोटो आरजीबीसारखी अवाढव्य कलर स्पेसही चालते. तिची दोन टोकं तर नालेच्या बाहेर, डोळ्याला दिसूच न शकणाऱ्या ‘रंगां’त आहेत. मात्र एवढ्या मोठ्या पसाऱ्यात २५६ पायऱ्या पुरत नाहीत. संध्याकाळचं आकाश पट्ट्यापट्ट्यांचं होतं. तिथे कितीतरी जास्त पायऱ्यांची, १६ बिटचीच फाइल हवी, आणि ती फाइल घराबाहेर पाठवू नये.

छपाईच्या दारात गेल्यावर नियम पुन्हा बदलतात. पडदा प्रकाश मिसळतो, तर शाई कागदावरून परतणारा प्रकाश गिळते. सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक अशा चार शायांतून जे रंग निघतात त्यांची आकृती साधा त्रिकोण नसते आणि ती कागदागणिक बदलते. चारही शाया पूर्ण टाकल्या तर बेरीज ४०० टक्के होईल, पण एवढी ओली शाई वाळणार कशी? चकचकीत आर्ट पेपरवर मर्यादा साधारण ३०० ते ३३० टक्के. वर्तमानपत्राच्या कागदावर ती २४० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली ठेवतात. हा कागद मुळात पांढराशुभ्र नसतो आणि शाई पिऊन टाकतो. म्हणून फाइल आधीच कुठल्यातरी ‘सीएमवायके’मध्ये बदलून पाठवण्यापेक्षा छापखान्याला त्यांच्या यंत्राचं आणि कागदाचं प्रोफाइल मागावं. ते मिळालं की सॉफ्ट प्रूफ लावून, छापील पान कसं दिसेल ते पडद्यावरच बघता येतं.

यंत्राच्या आवाक्याबाहेरचा रंग आत आणण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत आवाक्यातले रंग जसेच्या तसे राहतात आणि बाहेरचे कडेला आणून ठेवले जातात. दुसरीत सगळेच रंग थोडे आवळले जातात, पण त्यांच्यातलं नातं टिकतं. चेहरे आणि घराच्या भिंती असलेल्या फोटोला पहिली ठीक. पैठणीच्या चुण्या दिसायला हव्या असतील तर दुसरी करून बघावी. मोरपंखी थोडा फिका होईल, पण पदर जिवंत राहील.

फोटो पेपरवर प्रिंट देणाऱ्या लॅब आणि अल्बमवाले बहुधा एसआरजीबीच मागतात. फोन, लॅपटॉप, अल्बम, सगळीकडे जाणारा फोटो एसआरजीबीत, प्रोफाइल जोडून द्यावा. मोठी कलर स्पेस त्यांच्यासाठी, ज्यांच्याकडे स्वतःचा चांगला इंकजेट प्रिंटर आणि कलरीमीटरने कॅलिब्रेट केलेला मॉनिटर आहे, किंवा ज्यांचा छापखानावाला प्रोफाइलची भाषा बोलतो.

‘प्रिंट काळपट आली’ या तक्रारीचा तर कलर स्पेसशी बहुतेक वेळा संबंधच नसतो. एसआरजीबीचं मानक पडद्याची उजळता दर चौरस मीटरला ८० कॅन्डेला धरतं. आजचे पडदे त्याच्या कितीतरी पट प्रखर लावलेले असतात. डोळे दिपवणाऱ्या पडद्यावर फोटो गरजेपेक्षा जास्त गडद करून पाठवला, की कागदावर तो काळवंडणारच. छपाईसाठी काम करताना पडदा १०० ते १२० कॅन्डेलापर्यंत उतरवावा.

आणि प्रिंट कुठल्या उजेडात बघायची, तेही ठरलेलं आहे. पडद्याचा पांढरा ६,५०० केल्विनचा मानतात, छापील कागद तपासण्याचा उजेड ५,००० केल्विनचा. साडीच्या दुकानात आपली आजी-आई घडी उचलून दाराशी, दिवसाच्या उजेडात नेते, ती योग्यच करते. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग बाहेर वेगळे दिसू शकतात, कारण त्यांची रंगद्रव्यं प्रकाशाच्या वेगवेगळ्या तरंगलांबी परतवतात. अल्बमचं पहिलं प्रूफ हाती आलं की तेही घरातल्या पिवळ्या दिव्याखाली नापास करू नये. सकाळी दहाच्या सुमारास, थेट ऊन नसलेल्या खिडकीशी, शक्य असेल तर ती साडी शेजारी ठेवून बघावं. तिथेही चेहरा बरोबर आणि मोरपंखी तेवढा उतरलेला दिसला, तर लॅबने रंग बिघडवलेला नाही. तो रंग त्या कागदाच्या आवाक्यात नाही.