कापूस निघण्याआधी बंडीचं चाक बघा



कापसाची वेचणी तोंडावर आली. पावसाळाभर आपण टायरची बंडी नाल्यातून, चिखलातून हाकली. आता तिच्यावर कापूस लादण्याआधी चाकं एकदा उघडून बघू या.

लाकडी चाकाला तुंबा असतो, तसा टायरच्या चाकाला हब. त्यात दोन बेअरिंग असतात, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. मागे रबराचं सील. सील झिजलं की पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि बेअरिंग गंजतं. चालून तापलेला हब थंड पाण्यात गेला, तर आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. समुद्रकाठी बोट पाण्यात उतरवणाऱ्या ट्रेलरची चाकं याच कारणानं लवकर खराब होतात.

मागच्या हंगामात आमच्या चाकाची खरखर आम्ही ऐकली, पण ‘होईल नंतर’ म्हटलं. भरली बंडी रस्त्यातच बसली. नशीब, वर लेकरं नव्हती.

आधी बैल सोडा. दुसऱ्या चाकाला दोन्हीकडून दगड लावा. जॅकनं आस उचला आणि खाली लाकडी ठोकळा द्या. नुसत्या जॅकवर विसंबू नका. चाक वर-खाली हलवून बघा, मग फिरवा. खडखडलं किंवा खरखरलं, तर उघडा.

टोपण काढा, पिन सरळ करून ओढा, नट सोडा, चाक बाहेर घ्या. ग्रीस ताकासारखं पांढुरकं दिसलं, तर पाणी शिरलंय. बेअरिंग डिझेलनं धुवा. रोलरवर खड्डे किंवा निळसर डाग असतील, तर बदला. हबमध्ये बसलेली बाहेरची कडीही सोबतच बदलायची. जुनं बेअरिंग दुकानात न्या. त्यावर कोरलेला नंबर जुळवा. नवी कडी हबमध्ये सैल फिरत असेल किंवा हबला तडा असेल, तर हबच बदलावा लागतो.

ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगमध्ये दाबा, दुसऱ्या बाजूनं बाहेर येईपर्यंत. सील आणि पिन नवीनच घाला. चाक फिरवत नट आवळा, मग किंचित सैल करा. चाक मोकळं फिरावं, पण डुलू नये.

थोडं अंतर चालवून हबला जपून हात लावा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला, तर थांबा आणि मिस्तरीला दाखवा.

पोळ्याला आपण बैलांना ओवाळतो. जाम झालेलं चाक मात्र वर्षभर त्यांच्याच खांद्यावर येतं.