मेघबीजन संशोधनातील विमाने व उपकरणे

मेघबीजन संशोधनातील विमाने व उपकरणे : ढगात कृत्रिम रीत्या केंद्रके सोडून वर्षण घडविण्याच्या वा वाढविण्याच्या क्रियेस मेघबीजन म्हणतात. तिचा परिणाम तपासण्यासाठी ढगात शिरणारी विमाने, त्यांवरील मापक व जमिनीवरील रडार यांचा उपयोग करतात. बीजन केलेल्या ढगातून पाऊस पडला, तरी तो बीजनामुळेच पडला असे सिद्ध होत नाही; तो ढग बीजनाशिवायही बरसला असता. नैसर्गिक पर्जन्यातील चढउतार मोठे असल्याने १०–२० टक्के वाढ त्यांत सहज लपून जाते. म्हणून ढगाच्या अंतर्भागात होणाऱ्या बदलांच्या प्रत्यक्ष मापनाला या संशोधनात फार महत्त्व आहे.

व्हिन्सेंट शेफर यांनी १३ नोव्हेंबर १९४६ रोजी अमेरिकेच्या मॅसॅचूसेट्स राज्यात लहान विमानातून अतिशीत (०° से. खालीही द्रवरूप राहिलेल्या) जलबिंदूंच्या ढगात शुष्क बर्फ टाकला, तेव्हा त्यातून हिमकण खाली येताना दिसले. त्याच वर्षी सिल्व्हर आयोडाइडचे कण हिमकेंद्रके म्हणून परिणामकारक असल्याचे बर्नार्ड व्हॉनेगट यांना आढळले. या संयुगाची स्फटिकरचना बर्फाच्या रचनेशी मिळतीजुळती असते.

विमाने : शीत ढगात सिल्व्हर आयोडाइडचे, तर उष्ण ढगात मिठासारख्या आर्द्रताशोषक लवणांचे बीजन करतात. त्यासाठी पंखांच्या मागील कडेला नळकांडी बसवून ती जागीच जाळतात व ढगाच्या तळाशी ऊर्ध्वगामी प्रवाहात धूर सोडतात. अथवा विमानाच्या पोटाखालून पेटती नळकांडी ढगाच्या माथ्यावर टाकतात. अतिशीत ढगात विमानावर बर्फाचे थर साचत असल्याने ते काढून टाकण्याची सोय आवश्यक असते. गारांच्या वादळी ढगांत शिरण्यासाठी अमेरिकेत टी-२८ हे चिलखती विमान २००५ पर्यंत वापरले जात होते.

उपकरणे : तप्ततार मापकात विद्युत् प्रवाहाने तापविलेली तार ढगातील हवेच्या झोतात धरतात. तीवर आदळणारे जलबिंदू बाष्पीभवनासाठी उष्णता घेतात व त्यावरून प्रत्येक घ. मी. हवेतील द्रवरूप पाण्याचे वस्तुमान काढता येते. पूर्वी लेप दिलेल्या काचपट्ट्या क्षणभर ढगात उघड्या करून त्यांवरील ठशांवरून बिंदूंचे आकारमान ठरवीत. आता लेसर किरणांच्या प्रकीर्णनावरून सु. २ ते ५० मायक्रॉन (१ मायक्रॉन = मीटरचा दशलक्षांश) व्यासाचे बिंदू मोजले जातात. त्यांहून मोठ्या कणांच्या सावल्या प्रकाशसंवेदी घटकांच्या रांगेवर घेऊन जलबिंदू व हिमस्फटिक वेगळे ओळखता येतात. मात्र मापकाच्या बाहूंवर आदळून हिमकण फुटतात व तुकड्यांमुळे कणसंख्या खोटी वाढते. म्हणून बाहूंच्या टोकांची रचना बदलावी लागली. यांशिवाय संघनन केंद्रक गणक, तापमापक व वायुवेगमापक विमानावर असतात.

२०१७ साली अमेरिकेच्या आयडाहो राज्यात एका विमानाने बीजन केले व दुसऱ्याने रडारसह निरीक्षण केले. बीजन विमानाच्या मार्गाशी जुळणारे वर्षणपट्टे रडारवर दिसल्याने नैसर्गिक व कृत्रिम हिमवर्षाव वेगळे ओळखता आले.

भारतातील प्रयोग : पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने १९७३–८६ या काळातील ११ पावसाळ्यांत बारामती परिसरात डीसी-३ विमानातून मिठाच्या भुकटीचे बीजन केले. कोणत्या क्षेत्रात बीजन करावयाचे, हे यदृच्छ पद्धतीने ठरविले जाई. पावसात सु. २४ टक्के वाढ झाल्याचा निष्कर्ष निघाला. २००९ पासून संस्थेने कैपेक्स हा कार्यक्रम हाती घेतला. त्यातील २०१८ व २०१९ च्या सोलापूर येथील प्रयोगांत दोन विमाने व रडार वापरले असून, बीजनस्थळाच्या वाऱ्याच्या दिशेकडील सु. १०० चौ. किमी. क्षेत्रात सरासरी सु. १८ टक्के वाढ आढळली.

बीजनामुळे योग्य ढगाची पाऊस देण्याची क्षमता वाढू शकते. निरभ्र आकाशातून पाऊस पाडता येत नाही. अवर्षणाच्या वर्षी असे ढगच विरळ असल्याने, दुष्काळनिवारणाचा हमखास उपाय म्हणून मेघबीजनावर विसंबता येत नाही.