स्टेपनीचे कव्हर : आधी माप, मग कापड

अमेरिकेत मोटारीमागे जोडून ओढायच्या फिरत्या घराला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. त्याची स्टेपनी बहुधा मागच्या बंपरवर, उघड्यावर असते. टायर वापरला नाही तरी ऊन आणि हवेतील ओझोन यांनी रबर तडकते. म्हणून कव्हर घ्यावे.

गिऱ्हाईक रंग आणि चित्र पाहते. जाणत्याने आधी माप पाहावे. टायरवर २०५/७५ आर १५ लिहिले असेल तर रुंदी २०५ मि.मी. बाजूची उंची तिच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १५४. दोन्ही बाजूंचे ३०८ आणि रिमचे १५ इंच, म्हणजे ३८१, मिळवले की व्यास ६८९ मि.मी., सुमारे २७ इंच. ढिले कव्हर वाऱ्याने फडफडते, घासून फाटते.

कापड जाड व्हिनाइलचे, म्हणजे आपल्या रेक्झिनच्या जातीचे, आणि ऊन सोसणारे असावे. शिलाईचा सुती धागा पावसात कुजतो, पॉलिस्टरचा घ्यावा. मागे घट्ट इलॅस्टिक आणि खाली पाणी निघायला भोक हवे.

कव्हर चढवल्यावर टायर विसरू नये. दर महिन्याला हवा तपासावी. टायरवरच्या तारखेच्या चार अंकांत पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. झाकलेला माल शाबूत आहे असे न पाहता कोणता व्यापारी मानतो?