हाडाचं वय काढायला शेकडो पौंड कशाला मोजायचे?

मार्च 2013. लंडनच्या चार्टरहाऊस स्क्वेअरमध्ये क्रॉसरेल या रेल्वेसाठी खोदकाम सुरू होतं. तेव्हा जमिनीखाली सांगाडे सापडले. एक-दोन नाही, तब्बल 25!

1348 च्या प्लेगमध्ये या भागात दफनभूमी केली होती, हे जुन्या नोंदींवरून माहीत होतंच. मग वय काढण्यावर पैसे कशाला घालवायचे?

तरी घालवले. आणि कळलं, की सगळे एकाच साथीतले नाहीत. काहींना 1348 च्या सुमारास पुरलं होतं, तर काहींना थेट पंधराव्या शतकात. दातांमध्ये प्लेगच्या जंतूचा डीएनएही मिळाला.

पैसे देतं कोण?

इंग्लंडमध्ये 1990 पासून साधारण नियम असा, की जो बांधणार, त्यानेच आधीच्या उत्खननाचा खर्च उचलायचा. हे काम पुरातत्त्व कंपन्या टेंडर भरून मिळवतात. साहजिकच बिल्डर विचारतो, हा प्रयोगशाळेचा खर्च हवाच का?

वय काढतात कसं?

प्रत्येक जीव जिवंत असेपर्यंत कार्बन-14 शरीरात घेत असतो. मेल्यावर ते थांबतं आणि असलेला साठा दर 5,730 वर्षांनी निम्मा होतो. किती उरला ते मोजायचं आणि वय काढायचं. एका नमुन्याला काही शे पौंड लागतात. उत्तरात नेमकं साल मिळत नाही, ठरावीक वर्षांचा पट्टा मिळतो.

मग पैसे वाया कधी जातात?

नमुना चुकला की. चुलीतला कोळसा जुन्या झाडाच्या गाभ्याचा असेल, तर चूल खऱ्या वयापेक्षा शे-दोनशे वर्षं जुनी वाटू शकते. त्यापेक्षा एकाच हंगामात तयार झालेला धान्याचा जळका दाणा बरा.

दुसरी अडचण काळाची. इसवी सन पूर्व 800 ते 400 या काळात हवेतल्या कार्बन-14 चं प्रमाण असं बदलत गेलं, की एकट्या नमुन्याचं उत्तर या चारशे वर्षांत कुठेही पडू शकतं. तिथे एकाखाली एक असलेल्या थरांतले अनेक नमुने घेऊन, गणिताने पट्टा अरुंद करावा लागतो. ओकचं लाकूड सालीसकट मिळालं, तर मात्र वर्तुळं जुळवून झाड तोडल्याचं नेमकं वर्षही कळू शकतं.

म्हणजे प्रश्न फक्त 'किती नमुने?' एवढाच नाही. कोणता नमुना आणि कशासाठी, हे आधी ठरवावं लागतं.

हाड खोक्यात जपून ठेवलं, तर दहा वर्षांनीही तपासता येईल. पण ते कोणत्या थरात होतं, कशाच्या खाली होतं, ही नोंद खोदतानाच करावी लागते. नंतर तिथे इमारतीचा पाया असतो.