ध्रुवीय सागरी सूक्ष्मजंतू

आर्क्टिक व अंटार्क्टिक प्रदेशांतील समुद्राचे पाणी, त्यावरील बर्फ व तळाचा गाळ यांत राहणारे सूक्ष्मजंतू, म्हणजे बॅक्टेरिया. लवणांमुळे समुद्राचे पाणी सु. −१·८° से. तापमानापर्यंत गोठत नाही. अशा थंडीत वाढणाऱ्या सूक्ष्मजंतूंचे आर्. वाय्. मोरिता यांनी १९७५ मध्ये दोन गट केले. १५° से. किंवा त्याखाली सर्वांत जोमाने वाढणारे व सु. २०° से. च्या वर न वाढणारे ते शीतप्रिय. थंडीत वाढणारे, पण अधिक तापमानही मानवणारे ते शीतसह. शीतप्रियांच्या कोशिकापटलात असंतृप्त वसाम्ले विपुल असल्याने ते थंडीत ताठरत नाही. त्यांची एंझाइमे लवचिक असतात, पण उष्णतेने लवकर निकामी होतात.

जातिनिश्चिती : एखादी जाती नवी आहे की नाही, हे ज्ञात जातींशी तुलना करूनच ठरते. नमुना प्रवासात तापल्यास शीतप्रिय जंतू मरतात व शीतसह तेवढे उरतात. मग त्या पाण्याविषयीचा निष्कर्षच चुकतो. म्हणून नमुना, माध्यम व उपकरणे गार ठेवतात. समुद्राच्या पाण्याची लवणे असलेल्या माध्यमावर कमी तापमानात जंतूंची वाढ सावकाश होते. त्यांतील एक वसाहत पुनःपुन्हा नव्या माध्यमावर पसरून शुद्ध संवर्धन मिळवितात.

यानंतर कोशिकेचा आकार, चलनशक्ती, ग्रॅम रंजन, लवण व तापमान यांच्या मर्यादा आणि वसाम्ले तपासतात. सु. १,५०० न्यूक्लिओटाइडांच्या १६ एस रिबोसोमी आरएनए जनुकाचा अनुक्रम ज्ञात जातींच्या अनुक्रमांशी ताडतात. साम्य सु. ९८·७ टक्क्यांहून कमी असल्यास जाती बहुधा नवी असते. ते अधिक असल्यास संपूर्ण जीनोमांची तुलना करावी लागते. तेथे ९५ ते ९६ टक्के सरासरी साम्य ही जातीची सीमा मानतात.

नाव मान्य होण्यासाठी प्ररूप वाण दोन वेगळ्या देशांतील खुल्या संग्रहांत जमा करणे २००१ पासून आवश्यक आहे. त्यामुळे हा दावा कोणाही संशोधकास पुन्हा तपासता येतो. पुण्याचे राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र हा भारतातील असा एक संग्रह होय. ज्यांचे संवर्धन साधत नाही, अशा जंतूंसाठी जीनोम अनुक्रमालाच प्ररूप मानणारी वेगळी नामसंहिता २०२२ मध्ये पुढे आली.

उदाहरणे : अंटार्क्टिक समुद्राच्या पाण्यातील पोलारोमोनस व्हॅक्युओलाटा (१९९६) ही जाती ४° से. ला सर्वांत चांगली वाढते व १२° से. च्या वर वाढत नाही. हैदराबाद येथील कोशिकीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्राचे एस्. शिवाजी व त्यांचे सहकारी यांनी दक्षिण हिंदी महासागरातील केर्गेलेन बेटांजवळच्या पाण्यातून मरिनोमोनस पोलॅरिस (२००६) या जातीचे वर्णन केले. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागरीय संशोधन केंद्र स्वालबार येथे ‘हिमाद्री’ हे स्थानक २००८ पासून चालविते. हे स्थानक ज्या काँग्सफ्योर्डच्या काठी आहे, त्याच्या गाळातील ओशियनिस्फेरा आर्क्टिका (२०१२) ही जातीही हैदराबादच्या संशोधकांनीच वर्णिली. ध्रुवीय समुद्र तापत असताना संग्रहांत जतन केलेले असे वाण हे पुढील काळातील तुलनेचे आधार ठरतात.