थेंब पसरला, म्हणून बी उगवेल?

मसुराच्या दाण्यावर पाण्याचा थेंब सोडला, तर तो अळूच्या पानावरच्या पाण्यासारखा गोल होऊन बसतो. तोच दाणा थंड प्लाझ्मातून काढला की थेंब पार पसरतो. वेस्ट बँकमधल्या एरिएल या इस्राएली वसाहतीत एडवर्ड बोर्माशेन्को आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली मसूर, घेवडा आणि गहू या तिन्हींवर हे दाखवलं. प्लाझ्मातल्या ऑक्सिजनने टरफलाचा पृष्ठभाग बदलतो, नायट्रोजनही तिथे चिकटतो, आणि पाणी झटकणारं टरफल पाणी धरू लागतं.

‘थंड’ म्हणायचं कारण साधं आहे. वायूतून जोराची वीज सोडली की त्याचा प्लाझ्मा होतो, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे होतात. ते हजारो अंशांना पोचतात, पण इतके हलके असतात की वायू फारसा तापत नाही. बी भाजत नाही. ट्यूबलाइटमध्ये रोज हेच चालतं. हवेत असा प्लाझ्मा केला की ओझोन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. टरफलावरची बुरशीही त्यांच्या माऱ्यात सापडते. याच तंत्राने उगवण लांबवताही येते. अमेरिकेत २००० साली फ्लोरिनयुक्त वायूंचा प्लाझ्मा वापरून बियांवर पाणी न धरणारा थर बसवला, आणि त्या उशिरा उगवल्या.

आपल्याकडे मात्र कुणीही आधी सोयाबीनचंच विचारणार. चीनमध्ये २०१४ साली लिंग ली आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनला १५ सेकंद प्लाझ्मा दिला. ८० वॅटला निकाल सगळ्यांत चांगला आला. १२० वॅटला तेवढा नाही. उगवण निर्देशांक १४.६६ टक्क्यांनी, जोम निर्देशांक ६३.३३ टक्क्यांनी वाढला. जाहिरातीत जाईल तो दुसरा आकडा. पण निर्देशांक म्हणजे उगवणीची टक्केवारी नव्हे. बी किती लवकर उगवलं, रोप किती वाढलं, हेही त्यात धरलेलं असतं. शंभरातले त्रेसष्ट दाणे जास्त उगवले, असा त्याचा अर्थ होत नाही.

आता २०२० चा खरीप आठवा. सोयाबीन उगवलंच नाही म्हणून महाराष्ट्रभर तक्रारी झाल्या, दुबार पेरण्या झाल्या, प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. ज्या पिकातून ते बियाणं आलं, ते आदल्या वर्षी काढणीच्या वेळी पावसात भिजलं होतं. सोयाबीनचं टरफल मुळातच पातळ, आणि अंकुर त्याच्या अगदी खाली. मळणी यंत्राचे फेरे जास्त ठेवले, पोती आपटली, की बी आतून दुखावतं आणि वरून धडधाकट दिसतं. अशा बियाला पाणी मिळत नाही ही अडचण नसते. उलट पाणी फार वेगाने आत शिरलं तर पेशी फुटून रस बाहेर झिरपतो. मग त्याला आणखी पाणी ओढायला शिकवून काय साधणार? माझ्या मते प्लाझ्माची खरी जागा कडक टरफलाच्या आणि वरवर बुरशी धरलेल्या बियाण्यात आहे. मेलेलं बी त्याने जिवंत होत नाही.

गोणपाटाची चाचणी गावोगाव माहीत आहे: ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळायचे, आठवड्याभराने मोजायचे, आणि सत्तरच्या खाली आले तर पेरायचं नाही किंवा एकरी बियाणं वाढवायचं. उद्या कुणी प्लाझ्मा दिलेलं सोयाबीन विकायला आलं, तर त्याला वाण, बियाण्याचं वय, वॅट आणि सेकंद विचारावेत. आणि त्याच लॉटमधल्या प्रक्रिया न केलेल्या शंभर दाण्यांचं गोणपाट शेजारी उलगडून दाखवायला सांगावं.