आठ इंची चकतीचं काम

ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चौथ्याच्या वरचा जादा वेगाचा जोड, नसलेली एमजीबी इंग्लंडच्या मोटरवेवर ताशी ७० मैलांनी, म्हणजे साधारण ११२ किलोमीटरने पळते, तेव्हा तिचं इंजिन मिनिटाला ३,९०० च्या आसपास फेरे घेत असतं. ही उघडी, दोघांची गाडी १९६२ साली ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा मोटरवे नवे होते आणि चार गिअर पुरेसे वाटत होते. १९८० पर्यंत सगळ्या प्रकारांच्या मिळून पाच लाखांहून अधिक एमजीबी बनल्या. ज्यांनी त्या जपल्या त्यांना आज पाचवा गिअर हवा असतो. अनेकदा तो फोर्डच्या सिएरातून येतो. त्या गाडीतल्या टाइप ९ गिअरबॉक्सच्या पाचव्या गिअरचं गुणोत्तर ०.८२ आहे, त्यामुळे त्याच वेगाला फेरे ३,२०० पर्यंत उतरतात. लांबच्या प्रवासात हा फरक कानाला आणि पेट्रोलच्या खर्चाला लगेच जाणवतो.

गिअरबॉक्स बदलला की बोलणं होतं ते गिअरांचं, इंजिन बदललं की हॉर्सपॉवरचं. गाडी नीट चालणार की नाही हे मात्र ठरतं या दोहोंच्या मधल्या वीतभर जागेत, क्लचमध्ये. तिथे एका कंपनीचा क्रँकशाफ्ट आणि दुसऱ्या कंपनीचा इनपुट शाफ्ट एका रेषेत यावे लागतात, आणि त्या रेषेला केसाचाही फरक खपत नाही.

एमजीबीच्या मूळ गिअरबॉक्सचं बेल हाउसिंग, म्हणजे क्लचभोवतीचं घंटेच्या आकाराचं कवच, वेगळं निघत नाही, ते गिअरबॉक्सच्या कवचातच ओतलेलं आहे. टाइप ९ चं मात्र बोल्ट काढले की सुटं होतं. जुन्या गाड्यांच्या मालकांना हा गिअरबॉक्स इतका आवडला त्याचं मोठं कारण हेच. फोर्डचं हाउसिंग काढायचं आणि पुढे एमजीच्या इंजिनाला, मागे फोर्डच्या गिअरबॉक्सला बसेल असं नवं ॲल्युमिनियमचं हाउसिंग लावायचं.

मग प्रश्न येतो क्लच प्लेटचा. फ्लायव्हील एमजीचं, त्यावर बसणारी प्रेशर प्लेटही एमजीची, म्हणून प्लेटचा बाहेरचा व्यास एमजीचाच, आठ इंच. पण प्लेटच्या मधल्या हबमधून जाणारा शाफ्ट फोर्डचा, एक इंच जाडीचा आणि २३ स्प्लाइनचा, म्हणजे लांबीभर कोरलेल्या २३ दातांचा. एमजीची प्लेट त्यावर चढतच नाही. त्यामुळे बाहेरून एमजी आणि आतून फोर्ड अशी प्लेट लागते. ती तयार मिळते किंवा क्लच दुरुस्त करणारे जुन्या प्लेटवर दुसरा हब रिव्हेट करून देतात. इथे चांगल्या कारागिराचा हात लगेच ओळखू येतो. तो आधी प्लेट नुसती फ्लायव्हीलवर ठेवून हाताने फिरवतो. हबचा फुगवटा किंवा त्यातल्या स्प्रिंगा फ्लायव्हीलच्या बोल्टना घासतात का, ते बघतो. मग तीच प्लेट शाफ्टवर सरकवून हबची पूर्ण लांबी स्प्लाइनवर बसते का, ते तपासतो. अर्धाच हब स्प्लाइनवर असेल तर सगळा भार त्या अर्ध्या दातांवर येतो आणि ते झिजतात.

इनपुट शाफ्टचं पुढचं टोक क्रँकशाफ्टच्या मागच्या भोकातल्या छोट्या बुशमध्ये फिरतं. फोर्डच्या शाफ्टचं नाक एमजीच्या भोकात नेमकं बसत नाही, म्हणून लेथवर वेगळं ब्राँझचं बुश काढावं लागतं. क्लच दाबलेला असताना क्रँक फिरत असतो आणि शाफ्ट थांबलेला असतो, तेव्हा सगळी झीज या बुशवर येते. शाफ्ट त्यात पुरेसा आत जायला हवा, पण भोकाच्या तळाला टेकता कामा नये. तो टेकलेला असताना बेल हाउसिंगचे बोल्ट जोराने आवळले तर क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर कायमचा दाब राहतो आणि चांगलं इंजिन हळूहळू खराब होतं.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते केंद्र जुळवण्याकडे. फ्लायव्हीलला डायल गेज लावायचं, त्याची टोकदार पट्टी बेल हाउसिंगच्या मागच्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवायची आणि क्रँक हाताने एक फेरा फिरवायचा. काटा एकूण जितका हलेल त्याच्या निम्मं अंतर केंद्र सरकलेलं असतं. काट्याची एकूण हालचाल पाच थाउच्या आत, म्हणजे इंचाच्या पाच हजारांश भागाच्या आत असावी, असा जाणकारांचा जुना दंडक आहे. जास्त आली तर इंजिनाच्या डॉवेल पिनांच्या जागी एका बाजूला सरकलेल्या पिना घालून हाउसिंग हवं तिकडे नेतात. हे काम वेळखाऊ आहे आणि वरून दिसत नाही, म्हणून अनेक जण टाळतात. पुढे गिअर सुटतो, इनपुट शाफ्टचं बेअरिंग आवाज करतं, क्लच दाबला तरी प्लेट पूर्ण सुटत नाही, आणि दोष बिचाऱ्या गिअरबॉक्सला दिला जातो. या एका मोजमापाला अख्खी संध्याकाळ गेली तरी द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

क्लच दाबण्याची व्यवस्था हीसुद्धा दोन घरची. सिएराचा क्लच केबलने ओढला जायचा, एमजीचा पेडल तेल ढकलतो. एमजीचं मूळ रिलीज बेअरिंग ग्रॅफाइटच्या कड्याचं असतं, त्यात छर्रे नसतात. नव्या जोडणीत बहुधा पेडलकडच्या मास्टर सिलिंडरच्या तेलाने सरकणारा, इनपुट शाफ्टभोवती बसणारा गोल स्लेव्ह सिलिंडर वापरतात, बेअरिंग त्याच्याच तोंडाशी. इथे हिशेब चुकून चालत नाही. पाऊण इंची मास्टर सिलिंडरचा पिस्टन एक इंच सरकला तर एक इंची स्लेव्हचा पिस्टन जेमतेम ०.५६ इंच सरकतो, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. हालचाल कमी पडली तर गिअर करकरतात. जास्त झाली तर प्रेशर प्लेटच्या डायफ्रॅमच्या पाकळ्या मर्यादेबाहेर दबून निकामी होतात. गोल स्लेव्ह सुटसुटीत दिसतो, पण त्याचं रबरी सील गळलं तर इंजिन आणि गिअरबॉक्स पुन्हा बाहेर काढावे लागतात. जागा असेल तर फोर्क आणि बाहेरून लावलेला स्लेव्ह मला अधिक पटतो, कारण गळती गाडीखाली वाकून दिसते आणि दुरुस्तही करता येते.

इंजिन बदलतं तेव्हा हिशेबात टॉर्कची भर पडते. एमजीबीचं १,७९८ सीसीचं इंजिन १५० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क देतं. क्लच किती टॉर्क पेलेल ते घर्षणाचे दोन पृष्ठभाग, घर्षणांक, दाब आणि सरासरी त्रिज्या यांच्या गुणाकाराने ठरतं. समजा घर्षणांक ०.३, दाब ४,००० न्यूटन आणि सरासरी त्रिज्या ८५ मिलिमीटर धरली, तर उत्तर येतं सुमारे २०४ न्यूटन-मीटर. गाडीला हे पुरतं. पण केन कॉस्टेलो यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एमजीबीत रोव्हरचं ३,५२८ सीसीचं व्ही८ बसवायला सुरुवात केली, तेव्हा या छोट्या प्लेटचा निभाव लागणं शक्य नव्हतं. पुढे १९७३ मध्ये कारखान्याने स्वतःची एमजीबी जीटी व्ही८ काढली आणि तिच्यातही मोठा क्लच आणि तो सामावणारं मोठं हाउसिंग द्यावं लागलं. अशा २,५९१ गाड्या बनल्या.

आपल्याकडच्या वाचकाला ही कसरत परकी वाटू नये. एमजीबीच्या बी-सीरिज इंजिनाचंच १,४८९ सीसीचं भावंड ॲम्बॅसिडरमध्ये वर्षानुवर्षं राबलं, आणि नंतर त्याच गाडीत इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन पाच गिअरच्या गिअरबॉक्ससह आलं. महाराष्ट्रातल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८५ साली ११८ एनई काढली, तिचं शरीर फिॲट १२४ चं आणि इंजिन निस्सानचं. कारखाना हे करतो तेव्हा नकाशे, साचे आणि चाचण्या हाताशी असतात. घरच्या गॅरेजात व्हर्निअर, डायल गेज आणि धीर एवढंच भांडवल.

या बदलातली मला सर्वांत पटणारी गोष्ट ही की नीट केला तर तो उलटवता येतो. १९६७ नंतरच्या एमजीबीचा मधला बोगदा रुंद आहे, त्यामुळे टाइप ९ साठी पत्रा कापण्याची वेळ सहसा येत नाही. प्रॉपेलर शाफ्ट, मागचा आधार आणि स्पीडोमीटरची केबल एवढं जुळवून घ्यावं लागतं. मूळ गिअरबॉक्स तेल लावून गुंडाळून ठेवावा, जुनी क्लच प्लेटही सोबत ठेवावी. पुढच्या मालकाला गाडी कारखान्यातून आली तशी हवी असेल तर ती त्याला तशी मिळाली पाहिजे.

सिएराचं उत्पादन १९९३ मध्ये थांबलं. चांगल्या अवस्थेतले टाइप ९ आता शोधावे लागतात, म्हणून काही जण माझ्दा एमएक्स-५ च्या गिअरबॉक्सकडे वळले आहेत. त्याच्यासाठी हाउसिंग वेगळं, बुश वेगळं, हब वेगळा, आणि डायल गेजचं काम पुन्हा पहिल्यापासून.